चार पावलं बाजूला

शेवटच्या झावळीवर फलानिकोने सहावा कुपा मासा ठेवला, सातव्यासाठी हात मागे केला, आणि हाताला ओली वाळू लागली.

त्याने वळून पाहिलं. मघाशी जिथे माशांचा गुडघाभर ढीग होता तिथे आता रक्ताचे चार डाग होते आणि एक खेकडा वाट चुकल्यासारखा फिरत होता.

मैदानावरची पोरं जवळ सरकली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळी चौदा होड्या बाहेरच्या समुद्रात गेल्या होत्या आणि आणलेली सगळी मासळी नेहमीप्रमाणे गावाच्या मैदानात ओतली होती. होडी कुणाची, गळ कुणाचा, हे किनाऱ्याला लागलं की संपतं. मग एकेका घराची झावळी मांडायची, त्या घरातली माणसं मोजायची, तेवढे मासे ठेवायचे आणि घराचं नाव पुकारायचं. पोरं झावळी ओढत घरी नेतात. या वाटपाला इनाती म्हणतात, आणि पाळण्यातल्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपर्यंत सगळे जीव त्यात येतात. आज माणशी एक मासा होता. शेवटच्या घरात माणसं सात होती.

फलानिको अडतीस वर्षं हे काम करत होता. मोजताना तो अंगठा बोटांवरून फिरवत जायचा. आताही त्याचा अंगठा फिरू लागला, पण मध्येच कुठेतरी अडकला.

तिनियेलूने त्याच्या कोपराला हलकेच हात लावला. तिनियेलू हा त्याच्या जोडीचा वाटणारा. काही शंका आली की वाटणाऱ्यांनी लोकांसमोर बोलायचं नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. दोघं चार पावलं बाजूला, दगडी बांधापाशी गेले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

"लेपेका," तिनियेलू हळूच म्हणाला.

"तिचं काय?"

"दोनदा धरलीस. एकदा अकेनेहेच्या घरात, एकदा तुझ्या घरात."

फलानिकोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लेपेका त्याची सख्खी नात. मोजताना ती पहिल्यांदा आईजवळ दिसली तेव्हा त्याने तिला आईच्या घरात धरली, आणि मग बापाजवळ दिसली तेव्हा बापाच्या घरात. अंगठा आपोआप पुढे सरकला होता.

"चूक माझी. मी सांगतो सगळ्यांना."

"पुकारायची पाळी आज माझी आहे," तिनियेलू म्हणाला आणि परत फिरला. शेवटचं घर त्याच्याच बायकोचं होतं. "मोजताना माझी चूक झाली. आमच्या घराला सहा. संपलं!"

एवढं बोलून त्याने स्वतःच झावळी उचलली आणि तो चालू लागला. कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. पण पुकारलेलं पुकारलं, ते मोडायचं नाही, हा दुसरा नियम होता.

तो नियम दोन मिनिटंही टिकला नाही. फलानिकोची सून वालेलिया हातात एक कुपा शेपटीला धरून मैदानात परत आली. बरोबर लेपेका होती, आठ वर्षांची, केसांत वाळू.

"लेपेका, सांग तुझ्या बापाला," वालेलिया म्हणाली. बाप कुरेसा जेमतेम सहा हातांवर उभा होता. "म्हणावं, पोरगी आईच्या घरची. तेव्हा हा मासा बरोबर आहे. जास्तीचा तुमच्याकडे गेलाय, तो तिनियेलूच्या घरी पोचवा."

कुरेसाने छाती भरून श्वास घेतला. "लेपेका, आईला सांग, पाच दिवस पोरगी माझ्याकडे जेवतेय. जेवते तिथे धरतात."

"आणि झोपते कुठे म्हणावं?"

"तिला विचार, जेवायला का येते मग इकडे?"

लेपेकाने बापाकडे तोंड केलं. मग आईकडे केलं. "बाबा, आई म्हणतेय…" एवढं म्हणून ती थांबली. तिची नजर एकदा इकडे आणि एकदा तिकडे गेली, आणि मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला मोजूच नका," ती म्हणाली. "मला मासे आवडत नाहीत."

आणि ती बांधाकडे निघून गेली. तिला कुपा किती आवडतो हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. डोळासुद्धा सोडायची नाही.

भांडण सुरू झालं त्याला तीन आठवडे झाले होते. आपियाच्या बंदराहून बोट आली होती, आणि धक्क्यावर वालेलियाला कुणीतरी विचारलं, "काय गं, चाललात म्हणे न्यूझीलंडला राहायला? तिघांची नावं दिलीत ना?" तिला काहीच माहीत नव्हतं. नवऱ्याने नावं दिली होती आणि घरात बोलला नव्हता. ती घरी आली, त्याची मासेमारीची लाकडी पेटी उचलली आणि भर रस्त्यात ठेवली. ठेवली असं ती म्हणते. फेकली असं शेजारी म्हणतात. या बेटावर घर बाईचं असतं, पुरुष लग्न करून तिथे राहायला जातो. पेटी रस्त्यावर आली की पुढचं कुणी सांगायला लागत नाही. कुरेसाने पेटी उचलली आणि तो बहिणीच्या घरी, म्हणजे जिथे म्हातारा बापही राहत होता तिथे, येऊन टेकला. दोन घरांच्या मध्ये साठ पावलं आणि एक नीरफणसाचं झाड. त्या साठ पावलांवरून लेपेका दिवसातून दहादा जायची आणि यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी फलानिको अंगणात नारळ खवत बसला होता. लेपेका आली आणि त्याच्या समोर उकिडवी बसली.

"बाबा कुठायत?"

"माडावर, नीरा उतरवायला. निरोप आहे वाटतं?"

तिने मान हलवली.

"काय निरोप?"

"आई म्हणतेय, छपराचा पत्रा वाऱ्याने वाजतोय, तो ठोकून द्या." तिने वाळूतला एक शंख उलटा केला. "म्हणजे तसंच म्हणाली असं नाही."

"मग कसं म्हणाली?"

लेपेकाने पायाच्या अंगठ्याने वाळूत रेघ ओढली. "म्हणाली, त्याला सांग, पत्रासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त बोलतो."

फलानिकोचा हात खवणीवर थांबला. "हे असं तू नेहमी बदलतेस?"

"नेहमी नाही. वाईट असलं तरच." मग तिला धीर आला असावा. "परवा आई म्हणाली, त्याच्या डोक्यात खडक भरलाय. मी बाबांना सांगितलं, आई विचारतेय, डोकं दुखतंय का."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाले, तिला म्हणावं, माझं डोकं माझ्यापाशी. मी आईला सांगितलं, बरं आहे आता."

फलानिकोला हसू फुटलं. पोटातून आलेलं हसू तोंडापर्यंत पोचलं, आणि तेवढ्यात त्याने नातीचा चेहरा पाहिला. ती हसत नव्हती. ती आपलं काम समजावून सांगणाऱ्या माणसासारखी बोलत होती.

"लक्षात ठेवावं लागतं आजोबा. कुणाला काय सांगितलं ते. नाहीतर पुढच्या वेळी चुकतं."

"आणि काल?"

"काल दोघं समोरच होते," लेपेका म्हणाली. "बदलायला जागाच नव्हती."

तिने खवलेल्या खोबऱ्यातली मूठ उचलली, तोंडात टाकली आणि उठली. "पत्र्याचं सांगाल ना? माझ्यासारखं सांगा."

अकेनेहे पडवीत केतकीच्या पात्यांची चटई विणत होती. वालेलियाची आई, घराची मालकीण, आणि गावातली सगळ्यात तिखट जीभ. फलानिकोला पायरीशी बघून तिने हात न थांबवता म्हटलं,

"या व्याही! मोजायला आलात? आम्ही पाच आहोत हो. बोटं दाखवू?"

"दाखवा विहीणबाई. डोळे गेलेत माझे."

"डोळे कसले जातायत. त्या तिनियेलूने स्वतःवर घेतलं म्हणून वाचलात. तुमचा लेक आमच्याकडे असता तर चुकलं असतं का मोजायला?"

"तुमच्या लेकीने पेटी रस्त्यावर…"

"ठेवली!"

"बरं, ठेवली. मी त्यासाठी आलोच नाही." तो पायरीवर बसला आणि लेपेकाने सांगितलेलं सगळं त्याने सांगितलं, खडकासकट.

डोकं दुखतंय का, याला अकेनेहे मोठ्याने हसली. मग तिचा हात विणीवर सावकाश चालू लागला. मग थांबला.

"मला वाटायचं, पोरगी कशी शहाणी आहे, रडत नाही, हट्ट करत नाही." तिने एक पाती ओढून पाहिली. "परवा मीच तिला विचारलं, तू कुणाच्या बाजूची गं? चेष्टेत. म्हणाली, आजी, मला शाळेला उशीर होतोय. शाळा सुटून तास झाला होता."

अकेनेहेने शेवटच्या दोन ओळी उसवायला घेतल्या. त्या तर चांगल्या सरळ दिसत होत्या.

"काय करायचं म्हणता?" तिने विचारलं.

"पलीकडच्या बेटावरच्या तुमच्या माडांखाली नारळ पडून कोंब फुटलेत, असं कुणीतरी म्हणत होतं."

"कोण म्हणत होतं?"

"मीच. आत्ताच."

अकेनेहेने मान वर केली. "दोघांना एका होडीत घालायचं? बुडवतील एकमेकांना."

"पोहता येतं दोघांना."

"आणि मिटवतील म्हणता तिकडे जाऊन?"

"मिटवायला कुठे सांगतोय?" फलानिको गुडघ्यांवर हात टेकून उठला. "आपल्या दोघांचं तरी कुठे मिटलंय? तुम्ही अजून म्हणता लग्नात आम्ही दिलेलं डुक्कर लहान होतं."

"लहानच होतं."

दोन दिवसांनी सकाळी होडी बेटांच्या मधल्या शांत पाण्यात ढकलताना फलानिको गुडघाभर पाण्यात उभा होता. कुरेसा इंजिनापाशी, वालेलिया पार पुढच्या टोकाला. मधे रिकामी पोती. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. लेपेका शाळेत होती, हे बघूनच वेळ धरली होती.

"जरा थांबा," म्हातारा म्हणाला आणि त्याने होडीची कड धरली. "अकरा वर्षं झाली, मी आणि तिनियेलूने एका शहाळ्यातलं पाणी प्यायलं नाही. ठाऊक आहे ना?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे बाबा," कुरेसा कंटाळून म्हणाला. "ईस्टरची मॅच, समुद्राचं पाणी म्हणजे बाउंडरी, पंच तिनियेलू. झेल घेणाऱ्याचा पाय पाण्यात होता आणि तिनियेलूने तुम्हाला आउट दिलं."

"पाय पाण्यातच होता. ते जाऊ दे. या अकरा वर्षांत आमच्या भांडणापायी कुणाच्या घरी मासा कमी गेला?"

"परवाच गेला की मामंजी," वालेलिया समुद्राकडे बघत म्हणाली.

"तो माझ्या चुकीने गेला, भांडणाने नाही. आणि तोही त्याने स्वतःवर घेतला." फलानिकोने हातावरचं पाणी झटकलं. "तो माणूस मला आवडत नाही. त्यालाही मी आवडत नाही. पण आम्ही चार पावलं बाजूला जातो. तिथे मी त्याला हवं ते बोलतो, तो मला बोलतो. मग परत येतो आणि एकच जण पुकारतो. पुकारलेलं दोघांचं. तुम्ही दोघं काय करताय? मैदानात उभं राहून भांडताय, आणि पुकारायला लेकरू लावलंय."

कुरेसाने इंजिनाची दोरी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"तिकडे ऐकायला फक्त खेकडे आहेत. घसा बसेपर्यंत भांडा. मिटलं तर बघा, नाही मिटलं तर नाही. पण पोरीसमोर यायच्या आधी काय पुकारायचं ते ठरवा. काहीच ठरलं नाही, तर ठरलं नाही एवढंच सांगा. पण दोघांनी मिळून सांगा."

मग त्याने वालेलियाकडे पाहून म्हटलं, "खडक भरलाय, हा निरोप पोचला नाही बरं का. त्याच्याकडे आला तो, डोकं दुखतंय का, असा आला."

वालेलियाची मान गर्रकन वळली. तिने तीन आठवड्यांत पहिल्यांदाच नवऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"आणि तुझा, माझं डोकं माझ्यापाशी, हा तिच्याकडे गेला, बरं आहे आता, म्हणून," फलानिको लेकाला म्हणाला आणि होडी ढकलली.

पहिल्या दिवशी ते दोन तासांत परत आले. होडीत चाळीसेक नारळ होते, आणि ती दोघं पुन्हा दोन टोकांना. वालेलिया उडी मारून उतरली आणि मागे न बघता घरी गेली.

"पोहता येतं म्हणालात," अकेनेहे फलानिकोला म्हणाली.

"बुडाले नाहीत ना?"

दुसऱ्या खेपेला अर्धा दिवस लागला. कुरेसाचा घसा बसला होता. वालेलियाच्या तळहाताला नारळ सोलताना सळई लागली होती आणि त्याला निळ्या फुलाफुलांच्या कापडाची पट्टी बांधलेली होती. संध्याकाळी धुण्यात बाही फाटलेला शर्ट बघून कुरेसाची बहीण ओरडली, "अरे, हा नवा शर्ट होता!" कुरेसा माडावर चढला होता. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

खाली उतरला तेव्हा त्याने नीरेचं पहिलं भांडं बापापुढे ठेवलं. दोघं प्यायला बसले.

"तिला जायचंच नाही असं नाहीये बाबा," कुरेसा बसक्या आवाजात म्हणाला. "तिला कुणी विचारलं नाही, एवढंच धरून बसलीये."

"आणि तुझं काय?"

कुरेसाने भांडं हातात फिरवलं. "विचारलं असतं आणि नाही म्हणाली असती, तर?"

"हे तिला सांगितलंस?"

"आज सांगितलं."

"मग?"

"म्हणाली, हे आधी बोलायला काय झालं होतं? आणि नारळ फेकून मारला."

"लागला?"

"चुकवला."

"सुकलेला होता की कोंब आलेला?"

"कोंब आलेला."

"मग वजन कमी असतं," फलानिको म्हणाला आणि त्याने भांडं रिकामं केलं.

तिसऱ्या खेपेला ती दोघं शाळा भरताना गेली आणि शाळा सुटताना आली. होडीत एकही नारळ नव्हता. रिकामी पोती जशीच्या तशी, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. अकेनेहे किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"नारळ?"

वालेलियाने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने पाण्याकडे.

"राहिले," ती म्हणाली.

अकेनेहेने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं.

त्यानंतरचं फलानिकोने लांबून पाहिलं. नीरफणसाखाली तिघं बसली होती. लेपेका मधे, पाठ सरळ. काय बोलणं झालं ते ऐकू येत नव्हतं आणि त्याने कान दिला नाही. चटईवर वाळत घातलेले मासे त्याने उलटले, आणि मग तेच मासे पुन्हा सुलटे केले.

जरा वेळाने लेपेका त्याच्याकडे आली.

"आजोबा, काही ठरलं नाहीये."

"असं?"

"आधी बाबा म्हणाले, काही ठरलं नाहीये. मग आईपण म्हणाली, काही ठरलं नाहीये. ठरलं की दोघं मिळून मला सांगणार. आणि मी कुणाचा निरोप न्यायचा नाही. आईने दिला तरी नाही, बाबांनी दिला तरी नाही."

"हे तू बदलून सांगतेयस की आहे तसं?"

लेपेकाने विचार केला. "आहे तसं."

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हटलं." ती त्याच्याजवळ बसली आणि साठ पावलांच्या त्या वाटेकडे बघत राहिली. "आजोबा, मग आता मला काम काय?"

फलानिकोने तिच्या केसांतली वाळू झटकली. "पोहायला जा," तो शेवटी म्हणाला.

ती लगेच गेली नाही. जरा वेळ बसली, वाट मोजल्यासारखी नजरेने एकदा इकडून तिकडे गेली, आणि मगच उठली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मासळी आली. होड्यांनी मैदानात ढीग ओतला आणि फलानिको झावळ्या मांडायला वाकला, तेव्हा त्याच्यासमोर दोन जोड पाय येऊन उभे राहिले.

"आम्हाला तिघांना अकेनेहेच्या घरात धरा," कुरेसा म्हणाला.

"तिघांना," वालेलिया म्हणाली.

फलानिकोने दोघांकडे पाहिलं. मग अंगठा बोटांवरून फिरवला, सावकाश, तीनदा. "न्यूझीलंडचं ठरलं?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

लाकडी पेटी आदल्या दिवसापासून अकेनेहेच्या पडवीत उन्हात उघडी होती. सगळ्यांनी पाहिली होती आणि कुणीही त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

मासे भरपूर होते. माणशी दोन. तिनियेलू एका बाजूने ठेवत होता, फलानिको दुसऱ्या बाजूने. पुकारायची पाळी फलानिकोची होती.

"अकेनेहेचं घर! सहा माणसं, बारा मासे!"

कुणी पुढे आलं नाही.

एरवी या घराचं नाव निघायच्या आधीच लेपेका झावळीशी उभी असायची. भांडणाच्या दिवसांत तर ती माशांकडे बघतच नव्हती, मैदानाच्या दोन टोकांना बघायची, आळीपाळीने. आज बांधापलीकडून नुसता धपाधप पाण्यात उड्या मारल्याचा आवाज येत होता आणि त्यात एक ओळखीचं किंचाळणं होतं.

"अकेनेहेचं घर!" त्याने पुन्हा पुकारलं.

"जा की तू," वालेलिया नवऱ्याला म्हणाली. "पाय दुखतात का तुझे?"

"डोकं दुखतंय," कुरेसा म्हणाला.

आजूबाजूच्या दोनतीन बायका फसकन हसल्या. गोष्ट गावभर झाली होती. वालेलियाही हसली, आणि दोघं झावळीची दोन टोकं धरून निघाली.

दहा पावलं गेली असतील. कुरेसा काहीतरी बोलला. वालेलिया थांबली. तिचा चेहरा बदलला, त्याचाही बदलला. झावळी कलली आणि एक कुपा वाळूत घसरला. त्याच वेळी बांधावरून लेपेका चढून आली, नखशिखांत ओली, धापा टाकत.

तिला बघताच वालेलियाने झावळी खाली ठेवली. कुरेसानेही ठेवली. दोघं काही न बोलता बाजूला गेली, बांधापर्यंत, आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. वालेलियाचे हात वल्ह्यांसारखे चालू लागले. कुरेसा मान हलवत होता, पण ती होकाराची नव्हती.

लेपेका माशांपाशी आली. तिने एकदा त्या दोन पाठींकडे पाहिलं. फलानिकोचा अंगठा बोटावर थांबला. मग तिने वाळूत पडलेला कुपा उचलला, फ्रॉकला पुसला, झावळीवर परत ठेवला आणि बांधापलीकडे ओरडली,

"ए, माझी पाळी धरून ठेवा! आलेच मी!"

आणि ती धावत सुटली. मागे वळूनही पाहिलं नाही.

तिनियेलू हातातला मासा तसाच धरून हे सगळं बघत होता.

"कशावरून चाललंय त्यांचं?" त्याने विचारलं.

फलानिकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. वाटपात असा प्रश्न येत नसे.

"कुणास ठाऊक. पत्र्यावरून असेल. अजून वाजतोय."

"अं." तिनियेलूने मासा झावळीवर ठेवला, दुसरा घेतला, तोही ठेवला. बराच वेळ तो वाकून काम करत राहिला. मग वर न बघताच म्हणाला, "पाय पाण्यात नव्हता."

"होता."

"वाळू ओली होती. ओल्या वाळूला पाणी म्हणत नाहीत."

"घोट्यापर्यंत होता. मी डोळ्यांनी पाहिला."

"तू चेंडूकडे बघत होतास."

समोरच्या बायका माना लांब करून ऐकू लागल्या. फलानिकोच्या ते ध्यानात आलं. त्याने बांधाकडे बोट केलं. तिथे अजून कुरेसा आणि वालेलिया उभी होती, पण आता वालेलियाचे हात खाली आले होते आणि कुरेसा हाताने छपराची उंची दाखवत होता.

"चल," फलानिको म्हणाला. "जागा आहे तिथे."

तिनियेलूने हात वाळूवर घासले, आणि दोघे म्हातारे लोकांना थांबायची खूण करून चार पावलं बाजूला गेले.